सहा इंची भिंत, वरचा मजला आणि स्लॅबच्या दिवशीचा नारळ

लातूरला माझ्या मावशीचं घर आहे. खालचं बांधकाम १९८६ चं, वरचा मजला १९९९ ला चढवलेला. धाकटा मावसभाऊ घरीच अकरावी-बारावीच्या फिजिक्सच्या ट्यूशन घेतो, लातुरात गल्लोगल्ली क्लास आहेत तसाच हा पण एक, आणि यंदा जूनच्या बॅचला पोरं वाढणार म्हणून त्याच्या डोक्यात आलं की पुढची बैठक आणि तिच्या मागची मधली खोली यांच्यातली भिंत काढून टाकली की १४ बाय २० चा मोठा हॉल होतो, चाळीस पोरं आरामात बसतात. दोन्ही खोल्या १० बाय १४ च्या, मधली भिंत १४ फूट लांब, तिच्या बरोबर मध्यावर ३ फुटी दरवाजा. मिस्त्री येऊन बघून पण गेला होता. त्यानं चौकटीपाशी टेप लावला, दोन्ही बाजूचं प्लास्टर धरून साडेसात इंच भरलं, म्हणजे आतली भिंत सहा इंची. मग हातोडीच्या दांड्यानं चार ठिकाणी ठोकलं, पोकळ आवाज आला. निकाल झाला, पार्टिशन आहे, दोन दिवसाचं काम, मलबा ट्रॅक्टरच्या दोन खेपांत जातो.

मग मला फोन. मी सिविलचा डिप्लोमावाला, साइट सुपरवायझर म्हणून सोळा-सतरा वर्षं काढलीत. "दादा, शनिवारी पाडायला सुरू करूलालाव, तू फक्त एकदा नजर टाकून जा." त्या "फक्त एकदा नजर टाक"चं काय काय झालं ते सगळं इथं सविस्तर लिहितोय, कारण आपल्याकडं १९८०-९० च्या काळातली अशी वीट आणि स्लॅबची घरं हजारोंनी आहेत आणि प्रत्येक घरात कधी ना कधी कुणीतरी म्हणतंच की ही मधली भिंत काढू.

पहिल्या दिवशी गेलो तेव्हा मिस्त्री पण आला होता. त्याला वाईट ठरवायचा माझा अजिबात हेतू नाही, प्लास्टर आणि फरशीत त्याचा हात चांगला आहे, पण त्याचं गणित तेच होतं जे नव्वद टक्के लोकांचं असतं, नऊ इंची म्हणजे वजन घेणारी आणि त्याहून पातळ म्हणजे पार्टिशन. हे गणित कुठून आलं ते समजतं, नऊ इंची भिंत बहुतेक वेळा वजन घेणारी असते हे खरंच आहे, पण उलटं खरं नाही. पैसे कमी असले, खोली जरा मोठी मिळावी असं वाटलं, एकाच मजल्याचा विचार असला की लोकांनी आतल्या भिंती सहा इंची घेतल्या आणि त्यांच्यावरच स्लॅब टाकला, अशी घरं मी स्वतः बघितलीत. जाडीवरून अंदाज येतो, पुरावा मिळत नाही.

आणि ठोकून बघणं तर सोडूनच द्या. पोकळ आवाज प्लास्टर विटेपासून सुटलं की येतो. मावशीच्या त्या भिंतीला खालून ओल आहे, हाताला पांढरा खार लागतो, प्लास्टर सुटलेलं आहे, आवाज पोकळ येणारच. त्या आवाजाचा भिंतीवर काय बसलंय याच्याशी काही संबंध नाही.

मिस्त्रीचं दुसरं म्हणणं जास्त धोक्याचं होतं कारण ते ऐकायला पटतं. "सायेब, कशाला टेन्शन घेऊलालाव, स्लॅब एकदा सेट झाला की भिंतीचं काम संपतं, वरची भिंत स्लॅबवर उभीय, स्लॅब धरून ठेवतो." काकांनी, म्हणजे मावशीच्या नवऱ्यानं, पण मान हलवली. मी तेव्हा वाद घातला नाही, म्हटलं आधी बघू.

आता एक बाजूची गोष्ट सांगून टाकतो. हे सगळं वीटकाम-स्लॅबच्या घराबद्दल आहे. कॉलम-बीमची इमारत असेल तर हिशोब वेगळा, तिथं वजन बीमवरून कॉलमवर जातं आणि मधल्या विटांच्या भिंती बहुतेक भरावाच्या असतात, तरी बीम कुठून कुठं जातोय ते बघावंच लागतं. आणि हल्ली पुण्यात, संभाजीनगरला ज्या उंच बिल्डिंगा मायवानच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात होतात त्यात भिंतीच काँक्रीटच्या असतात आणि त्याच इमारत धरून ठेवतात, तिथं चार इंची दिसली म्हणून भिंतीला हात लावायचा नाही, खिडकी मोठी करायला सुद्धा नाही. जुन्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या छताच्या घरात तर तिसराच प्रकार, माती-दगडाची दोन-अडीच फुटी भिंत असते आणि तरी माळवदाचं वजन खांब आणि तुळयांवर असू शकतं, खांब भिंतीत गाडलेला असतो म्हणून दिसत नाही. १९९३ च्या भूकंपात कितीतरी घरांच्या भिंती ढासळल्या पण खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला तो याच्यामुळंच. म्हणजे तिथं अडीच फुटी भिंत वजन न घेणारी निघू शकते आणि मावशीकडं सहा इंची घेणारी.

तर मावशीच्या घरात मी पहिलं काम केलं ते म्हणजे लोकांना विचारणं. टेपच्या आधी विचारायचं असतं असं माझं ठाम मत झालंय. ज्यांनी घर बांधलं ते माणसं अजून आहेत, त्यांना एकच प्रश्न, ही भिंत स्लॅबच्या आधीची का नंतरची? कारण स्लॅब टाकून, सेंटरिंग म्हणजे खालचा तात्पुरता साचा आणि टेकू काढून, मग आतून उभी केलेली भिंत असेल तर ती नुसती आडोसा असायची शक्यता जास्त. आधीची असेल आणि स्लॅब तिच्यावर ओतला असेल तर ती पहिल्या दिवसापासून वजन घेतेय.

काकांना आठवेना. ते म्हणाले सगळ्या भिंती एकदमच झाल्या असतील, मग म्हणाले नाही, मधली नंतरची असावी, मग परत म्हणाले नक्की सांगता येत नाही. त्यांनी जुनी वही काढली, त्यात सिमेंटच्या पोत्यांचा, मांजरेच्या वाळूच्या गाड्यांचा, टोरच्या सळ्यांचा हिशोब होता, पण भिंतींची नोंद नव्हती. मावशी स्वयंपाकघरातून ऐकत होती, तिथूनच म्हणाली, "आरं, स्लॅबच्या दिवशी नारळ कुठं फोडला मग? त्याच भितीवर फोडला की. मी शिडीवरून वर चढले, तुझे काका खाली धरून हुबे होते, मधल्या भितीच्या टोकाला हळदीकुंकू लावलं अन् नारळ फोडला, मगच माल टाकायला सुरू केला." काकांना लगेच आठवलं, कारण पाणी त्यांच्या डोक्यावर सांडलं होतं.

माझ्या हिशोबानं इथंच अर्धा निकाल लागला होता. सेंटरिंग लागलंय, काँक्रीट पडायचंय, आणि भिंत वरपर्यंत उभी आहे. पण आठवणीवर घर पाडत पण नाहीत आणि ठेवत पण नाहीत, म्हणून पुढं बघत गेलो.

दुसरं म्हणजे वर जाऊन बघितलं. हे फुकटचं काम आहे, कुणालाही जमतं. घराच्या एका बाहेरच्या कोपऱ्यापासून खालच्या भिंतीपर्यंत आतून मोजायचं, मग वर जाऊन त्याच कोपऱ्यापासून मोजायचं, भिंतीवर भिंत बसतेय का बघायचं. बसत होती, अगदी इंचात. वरची पण सहा इंची. फक्त वरचा दरवाजा मध्यावर नव्हता, डाव्या टोकाला होता, म्हणजे वरच्या भिंतीचा भरीव भाग खालच्या दरवाजाच्या डोक्यावरच येत होता. मग गच्चीवर गेलो. गच्चीवर दोन टाक्या. एक जुनी, जिन्याच्या डोक्यावर, ती ठीक. दुसरी २००० लिटरची, २०१६ च्या दुष्काळात घेतलेली, मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं त्या उन्हाळ्यात. नळाला पाणी किती दिवसांनी येईल सांगता येत नव्हतं तेव्हा लातुरात ज्याला परवडलं त्यानं टाकी वाढवली. टाकी ठेवताना कुणीतरी शहाणपणा केला होता, स्लॅबच्या मध्यावर नको, भिंतीच्या रेषेवर ठेवा. सल्ला बरोबर होता. म्हणजे कुणीतरी २०१६ ला त्या रेषेवर वजन घ्यायची ताकद आहे असं धरूनच दोन टन पाणी तिथं ठेवलं होतं, आणि आता त्याच रेषेचा खालचा भाग आपण काढणार होतो.

गच्चीवरून उतरलो तेव्हा मी भावाला म्हटलं शनिवार रद्द कर. तो नाराज झाला, जूनला पाचच आठवडे राहिले होते, त्याचं पण बरोबर होतं. मी म्हटलं अजून दोन गोष्टी बघू आणि माझ्यावर पण विश्वास ठेवू नको, स्ट्रक्चरलवाल्या सरांना बोलावू.

सर म्हणजे बांधकाम खात्यातून रिटायर झालेले, आता खाजगी काम बघतात. त्यांनी रिबार लोकेटर आणला होता, स्लॅबच्या पोटाला लावून फिरवायचं यंत्र, आत सळई आली की सांगतं. खडूनं खुणा करत गेले. खोलीच्या मध्यावर, भिंतीला काटकोनात जाणाऱ्या सळ्या साधारण ६-६ इंचावर मिळाल्या. भिंतीकडं सरकत गेले तर भिंतीच्या दोन-सव्वादोन फूट अलीकडं एकाआड एक सळई गायब, आता १२-१२ इंचावर एक. दुसऱ्या खोलीत पलीकडून केलं तर तिथं पण तसंच. बाहेरच्या भिंतीपाशी पण तसंच. मग खात्री करायला दोन ठिकाणी तळहाताएवढं प्लास्टर आणि सळईवरचं काँक्रीट काढून बघितलं, ८ एमएमच्या पिळाच्या सळ्या.

गायब झालेल्या सळ्या कुठं गेल्या ते ज्यांनी स्लॅबचं लोखंड बांधलंय त्यांना लगेच कळेल, त्या वाकवून वर घेतल्यात, क्रँक केल्यात. स्लॅब दोन खोल्यांवरून सलग जातो तेव्हा खोलीच्या मध्यावर तो खाली झुकायला बघतो म्हणून तिथं सळई पोटाला लागते, आणि आधाराच्या डोक्यावर तो उलटा वाकायला बघतो, तडा वरून पडायला बघतो, म्हणून तिथं सळई वर लागते. १९८६ ला ज्यानं हे लोखंड बांधलं त्यानं मधल्या भिंतीला आधार धरूनच सळ्या वर उचलल्या होत्या. त्या माणसाचं नाव कुणाला माहीत नाही, नकाशा नाही, पण त्यानं काय विचार केला होता ते अडतीस वर्षांनी स्लॅबच्या पोटावर खडूनं उमटलं. मला तो क्षण फार मोठा वाटला, खरंच.

पुढची तपासणी पायाची. मधल्या खोलीच्या बाजूनं भिंतीला लागून एक शहाबादी फरशी उचलली, दीड बाय दीड फुटाचा खड्डा घेतला. नुसती पार्टिशनची भिंत असती तर फरशीखालच्या कोब्यावर किंवा भरावावर थांबली असती. इथं वीटकाम फरशीच्या जरा खाली थांबलं आणि त्याच्याखाली काळ्या दगडाचं बांधकाम सुरू झालं, भिंतीपेक्षा रुंद, बाहेरच्या भिंतींना जसा पाया आहे तसाच. अडीच फुटापर्यंत गेलो तरी दगडच. तिथं थांबलो, कारण पायाच्या कडेला खोल खणत बसणं हा पण एक धोकाच आहे, आणि संध्याकाळच्या आत खड्डा मुरूम घालून ठोकून भरून घेतला. आपल्या काळ्या मातीत पाणी गेलं की ती फुगते, वाळली की भेगाळते, म्हणून पाया मुरमापर्यंत नेतात, आणि नुसत्या आडोशासाठी एवढा दगड कुणी खर्च करत नाही. तरी सर म्हणाले ते पण लिहितो, काही गवंडी सवयीनं सगळ्याच भिंतींना पाया घेतात, म्हणून नुसता पाया बघून निकाल द्यायचा नाही. सगळं एका दिशेनं बोट दाखवतंय का ते बघायचं.

वरच्या सांध्याला पण एक फूटभर प्लास्टर काढलं. भिंतीचा शेवटचा थर आणि स्लॅब यांच्यात नंतर कोंबलेला मसाला असतो तो नव्हता, काँक्रीटचं दूध विटांवर उतरून तिथंच घट्ट झालेलं होतं. स्लॅब ओला असताना भिंतीवर पडला होता. मावशीचा नारळ खरा ठरला.

इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे जी मला पण सरांकडून नीट कळली. उलटं निघालं असतं, म्हणजे भिंत नंतरची असती, तरी "मग काढा बिनधास्त" असं नाही. वर्षानुवर्षं स्लॅब थोडाथोडा झुकत राहतो आणि खालच्या पार्टिशनवर टेकतो, वर कुणी मजला चढवतो, टाकी ठेवतो, आणि जी भिंत आडोसा म्हणून बांधली ती हळूहळू वजन घ्यायला लागते. म्हणून खरं पार्टिशन असलं तरी काढताना वरच्या थरापासून काढायचं, वरचा थर मोकळा झाल्यावर थांबून बघायचं, आणि आधी बाजूला जॅक लावून ठेवायचे.

आता मिस्त्रीचं ते म्हणणं, स्लॅब सेट झाला की भिंतीचं काम संपतं. याचं उत्तर मी भावाला त्याच्याच फळ्यावर लिहून दिलं कारण तो फिजिक्सचा माणूस. स्लॅबमधला वाकवणारा मोमेंट अंतराच्या वर्गानं वाढतो आणि झोक, म्हणजे स्लॅबचं खाली झुकणं, तर चौथ्या घातानं. आज प्रत्येक पॅनल, म्हणजे आधारांच्या मधला स्लॅबचा तुकडा, १० बाय १४ चं आहे, लहान अंतर १०. भिंत काढली की १४ बाय २० चं एकच पॅनल, लहान अंतर १४. १४ भागिले १०, वर्ग केला, जवळपास दुप्पट. दुसऱ्या दिशेनं १० चे २० झाले, तिथं चौपट. ही झाली स्लॅबच्या स्वतःच्या वजनाची गोष्ट. त्यात नवीन पॅनलच्या ऐन मध्यावर वरची भिंत उभी, तिच्यावर गच्चीचा स्लॅब, त्याच्यावर टाकी. आणि नवीन पॅनलच्या ऐन मध्यावर सळई पोटाला पाहिजे, तिथंच नेमक्या अर्ध्या सळ्या वर उचललेल्या. भावानं खडू खाली ठेवला आणि बराच वेळ फळ्याकडं बघत राहिला, मग एवढंच म्हणाला, खाली पोरं बसणार होती.

वजनाचा ढोबळ हिशोब पण केला. दोन्ही बाजूच्या स्लॅबचा जो भाग त्या भिंतीकडं येतो तो साधारण ९० चौरस फूट, मजल्याचा स्लॅब फरशी आणि माणसं-सामान धरून चौरस मीटरला ६०० किलोच्या आसपास, गच्चीचा कोबा धरून ६५० च्या आसपास, वरच्या भिंतीचे साडेचार टन, टाकीचे दोन. मिळून सतरा-अठरा टन. एवढं वजन त्या सहा इंची "पार्टिशन"वर रोज असतं, पोकळ आवाजासकट.

सरांनी याच्यापुढं एक प्रश्न विचारला आणि तो लातूरच्या माणसानं तर विचारायलाच पाहिजे. समजा वजनाची सोय केली, मोठा बीम टाकला, भिंत पूर्ण काढली. मग बाजूच्या दोन बाहेरच्या भिंतींना आडवं कोण धरणार? आज प्रत्येक बाहेरची भिंत २० फूट लांब आहे आणि मध्यावर ही मधली भिंत तिला येऊन मिळते, पाठीशी माणूस उभा असावा तशी. भिंतीवर वजन येतं ते वरून खाली, पण जमीन हलते तेव्हा धक्का आडवा येतो, आणि लांबच लांब एकटी भिंत आडव्या धक्क्याला बाहेर पडते. म्हणजे एखादी भिंत काडीचं वजन घेत नसली तरी ती दुसरीला धरून असू शकते, आणि हे टेपनं, ठोकून, सळई बघून कशानंच कळत नाही, घराचा नकाशा समोर ठेवून विचार केला तरच कळतं.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक नुकतेच झोपले होते. किल्लारी मावशीच्या घरापासून चाळीसेक किलोमीटर. तिकडं मातीत रचलेल्या दगडी भिंती, आतला आणि बाहेरचा थर एकमेकांना बांधणारे लांब दगड घातलेले नव्हते, वरून माळवदाचा मातीचा भार, त्या भिंती मधून फुटून दोन्हीकडं पडल्या आणि हजारो माणसं झोपेत गेली. तोवर हा सगळा भाग भूकंपाच्या नकाशावर सगळ्यात कमी धोक्याच्या झोन एकमध्ये होता. मावशीच्या घराला तेव्हा काही झालं नाही, फक्त मधली भिंत बाहेरच्या भिंतीला जिथं मिळते तिथं प्लास्टरला उभी बारीक चीर गेली, ती काकांनी सिमेंट लावून बुजवली. ती बुजवलेली रेघ अजून दिसते. सरांनी त्या रेघेवर बोट ठेवून सांगितलं, त्या रात्री या भिंतीनं काम केलंय.

मग काय करायचं ठरलं? भिंत राहिली. मधला दरवाजा ३ चा ६ फूट करायचा, दोन्ही बाजूला ४-४ फूट भिंत शिल्लक ठेवायची. भूकंपरोधक बांधकामाच्या आयएस ४३२६ या भारतीय मानकात विटांच्या भिंतीत दारं-खिडक्या किती मोठ्या असाव्यात याची मर्यादा दिलेली आहे, दोन मजली घरात भिंतीच्या लांबीच्या निम्म्याच्या आतच राहावं लागतं, १४ फुटाला ६ फूट त्यात बसत होतं. भावाला सुरुवातीला वाटलं हे कसलं समाधान, त्याला हॉल पाहिजे होता. शेवटी त्यानं चाळीसची एक बॅच सोडून वीसच्या दोन केल्या, सकाळी आणि संध्याकाळी, आणि मधली खोली वह्या तपासायला आणि उशिरा येणाऱ्या पोरांना थांबायला ठेवली. सरांच्या सहीचा कागद घेऊन महापालिकेत अर्ज दिला, त्यात दोन आठवडे गेले, ते सांगण्यासारखं काही नाही.

काम मे महिन्यात केलं. आधी २००० लिटरची टाकी रिकामी करून जिन्याच्या बाजूला हलवली, आता ती कायमची तिथंच. काम चाललं तेवढे दिवस वरच्या मजल्यावर कुणी झोपायचं नाही असं ठरवलं, मावशी कुरकुरली पण ऐकलं तिनं. दोन्ही खोल्यांत खाली जाड फळ्या टाकून त्यांच्यावर लोखंडी जॅक लावले, कारण फरशीखाली भराव बसून पोकळी झालेली असते आणि जॅक नुसता फरशीवर ठेवला तर फरशी फुटून खाली जातो, जॅक सैल, आणि सैल जॅक असला काय नसला काय सारखाच. नवीन दरवाजाच्या वर भिंतीत आरपार भोकं पाडून त्यातून लोखंडी बीमचे तुकडे घातले आणि त्यांना दोन्ही टोकांना जॅकवर घेतलं, म्हणजे वरच्या भिंतीचं वजन तेवढ्यापुरतं त्यांच्यावर आलं.

बीम म्हणून १५० एमएमचे दोन सी चॅनल, म्हणजे इंग्रजी सी आकाराचे लोखंडी बार, भिंतीच्या एकेका बाजूनं एकेक, एकदम दोन्ही नाही. आधी बैठकीच्या बाजूनं तीन इंच खाच पाडून एक चॅनल बसवला, वरची फट कोरड्या सिमेंट-वाळूनं ठोकून ठोकून भरली, ती घट्ट झाल्यावर पलीकडून दुसरा, मग दोन्ही बोल्टनं आवळले. टोकांना चॅनल थेट विटेवर ठेवायचे नाहीत, एवढंसं टोक पाच टन वजन जुन्या विटेवर देतं, वीट चुरडते. म्हणून दोन्ही बाजूला दोन-दोन फूट लांबीचे काँक्रीटचे ठोकळे आधीच ओतून ठेवले होते आणि त्यांना दहा दिवस पाणी मारलं, भाऊ रोज विचारायचा अजून किती दिवस, मी रोज सांगायचो काँक्रीटला तुझ्या बॅचची तारीख माहीत नाही. हे माप या घरापुरतं आहे, कुणी हे वाचून १५० चा चॅनल आणून बसवू नये, दुसऱ्या घरात वजन वेगळं, वीट वेगळी, माप वेगळं.

तोडकाम छिन्नी-हातोडीनं, ब्रेकर लावू दिला नाही. ब्रेकरनं काम अर्ध्या दिवसात होतं पण चाळीस वर्षांच्या मसाल्यातली वीट आजूबाजूची पण हलते. मिस्त्री तोच होता. त्याला सरांनी खडूच्या खुणा दाखवल्या होत्या, गायब होणाऱ्या सळ्या, आणि तो स्वतः हात लावून बघत होता, चार-पाच वेळा इकडून तिकडं. नंतर त्यानं सगळ्यात जपून काम केलं, जॅक उतरवताना तर एकेक आटा फिरवून थांबायचा, वर बघायचा, परत फिरवायचा. जॅक एका दिवसात उतरवलेच नाहीत, तीन दिवस लावले.

तोडकाम सुरू व्हायच्या आधीच आम्ही काचेच्या पट्ट्या लावल्या होत्या, पाच ठिकाणी, वरच्या भिंतीवर दोन, स्लॅबच्या सांध्याला एक, आणि त्या १९९३ च्या बुजवलेल्या रेघेवर दोन्ही बाजूला एकेक. पातळ काच, दोन्ही टोकं मसाल्यानं चिकटवलेली, काचेवर तारीख. भिंत जरा जरी सरकली तर काच तडकते. जॅक निघाले, बॅच सुरू झाली, पाचही काचा शाबूत होत्या. ऑगस्टमध्ये मोठा पाऊस झाला आणि डाव्या बाजूच्या रेघेवरची काच एका टोकाला सुटली, तडकली नाही, ओलीनं मसाला निघाला होता, पण मी दुसऱ्याच दिवशी जाऊन प्लास्टर खरवडून नवीन काच लावून तारीख टाकून आलो. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आत ओढते, एक पूर्ण वर्ष गेल्याशिवाय मला त्या सांध्याबद्दल काही म्हणायचं नाही. भाऊ दर रविवारी पाचही काचांचे फोटो पाठवतो, मावशीनं मधल्या काचेखाली कोनाड्यात दिवा ठेवायला सुरुवात केलीय, तिला सांगितलंय की दिवा जरा लांब ठेव, काजळीनं तारीख दिसत नाही.